दादाचे साहेब

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात केळ्यांची पिशवी होती आणि अंगात कंपनीचा निळा शर्ट. ज्यांच्या दर्शनाला पुढे गाड्यांच्या रांगा लागल्या, ज्यांच्यासाठी लोकांनी घरदार सोडलं आणि ज्यांच्यावर आज खटला चालू आहे, त्या माणसाची माझ्याकडची पहिली आठवण ही एवढीच. दारात चपला काढून ते आईला म्हणाले, "मी त्याचा सुपरवायझर. आत येऊ का?"

'त्याचा' म्हणजे माझ्या दादाचा. दादा चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर होता. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारं मोठं मशीन. त्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. हॉस्पिटलमधून घरी आणून थोडेच दिवस झाले होते आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

आमचं घर निगडीला, ओटास्कीम नावाच्या वसाहतीत. पप्पा मूळचे लातूरकडचे. तरुणपणी पिंपरीला आले, एका कारखान्यात लेथवर जन्म काढला, युनियनची कामं केली आणि रिटायर झाल्यावर वस्तीतल्या विहाराच्या कमिटीत बसायला लागले. घरात बुद्धाची एक तसबीर, बाकी काही नाही. अंगारा, गंडा, बुवा, महाराज हे शब्दसुद्धा पप्पांना चालायचे नाहीत. शेजारच्या काकूंनी लहानपणी माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला होता, तो त्यांनी विळीवर कापून टाकला होता.

दादाच्या अपघातानंतर माणसं बघायला यायची. "नशीब, हात तरी वाचला." "डावा आहे ना शाबूत?" "कंपनी काढणार नाही, बसून काम देईल." दादाचं लग्न ठरलेलं होतं. मुलीच्या मामांचा फोन आला, ते पप्पांशी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले की सध्या थांबू. ते 'सध्या' काय आहे हे घरात सगळ्यांना कळलं. पप्पा आल्यागेल्याला सांगत सुटले, "माझं पोरगं वाघ हाय. काय फरक पडत न्हाई त्याला." दादा भिंतीकडे बघत राहायचा.

साहेब मात्र काहीच बोलायचे नाहीत. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसने निगडीला उतरायचे, आमच्याकडे यायचे, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर खाटेजवळ बसायचे. चहा घ्यायचे. अंधार पडायच्या आत उठायचे. आई म्हणायची, "काय माणूस आहे, बोलत कसा नाही?" पण ते आले नाहीत की तिलाच चुकल्यासारखं व्हायचं. हळूहळू दादा त्यांच्या बाजूला तोंड करून झोपायला लागला.

एकदा दादाच बोलला. कितीतरी दिवसांनी त्याचं ते पहिलं धड वाक्य असेल. "साहेब, मशीन थांबलं का नाही?"

प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं, थांबायलाच पाहिजे. तो प्रश्न पप्पांनी युनियनवाल्यांना विचारला होता, कंपनीच्या माणसांना विचारला होता. सगळ्यांनी सांगितलं होतं, चौकशी चालू आहे.

साहेबांनी कप खाली ठेवला. "सेन्सर बंद होता."

"बिघडला होता?"

"नाही. बंद करून ठेवला होता. सारखं मशीन अडकत होतं, माल मागे पडत होता, वरून ओरड होती. पण बंद करायला सांगितलं मी."

पप्पा दारात उभे होते. मला वाटलं, आता हे त्यांच्या अंगावर जातात. आई ओट्याशी थिजली होती. साहेब उठले नाहीत, हात जोडले नाहीत, माफीही मागितली नाही. नुसते बसून राहिले, जो काय घाव बसेल तो बसू दे अशा तऱ्हेने. दादाने त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग त्याने डावा हात पुढे केला. साहेबांनी तो धरला आणि ते असे रडले, की मी मोठा पुरुष तसा रडताना त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच कंपनीत जाऊन सांगितलं. त्यांची नोकरी गेली. दादाला भरपाई मिळाली, स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं, ते त्यांच्या सांगण्यामुळेच. कंपनीच्या साहेब लोकांबद्दल चांगला शब्द न काढणारे माझे पप्पा विहाराच्या कट्ट्यावर बसून म्हणाले, "माणूस खरा हाय." त्यांच्याबद्दल वस्तीत पहिल्यांदा चांगलं बोलले ते माझे पप्पाच, हे मी विसरू शकत नाही.

साहेब मोशीला राहायचे. नदीच्या अंगाला शेतं मोडून नव्या बिल्डिंगी उठत होत्या, त्यातल्या एकीत दोन खोल्या. बायको गावी, का ते कुणाला माहीत नव्हतं. नोकरी गेल्यावर ते छोट्या वर्कशॉपमधून कामं घ्यायचे. दादा दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागला, मग लाइनवरचे आणखी दोघे-तिघे जायला लागले. तिथे काय करता, असं मी विचारलं तर दादा म्हणाला, "सांगतो."

"काय सांगता?"

"जे केलं ते."

मी एकदा गेले. चटईवर गोल करून माणसं बसली होती. चहा झाला आणि वेल्डिंगवाला एक जण बोलायला लागला. बायकोला मारतो म्हणाला. दारू पिऊन नाही, शुद्धीत मारतो. ओव्हरटाइम करून आलो की घरातल्या आवाजाने डोकं फिरतं. बोलताना त्याच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या होत्या. कुणी त्याला बोल लावला नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. तो थांबल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "आणि आता?" तो माणूस कितीतरी वेळ त्या दोन शब्दांपुढे बसून राहिला. पुढे मला त्याची बायको निगडीच्या बस स्टॉपवर भेटली. तिने मला सांगितलं की तो खरंच थांबला.

म्हणून कुणी मला म्हटलं की तो माणूस पहिल्यापासून ढोंगी होता, तर मला ते मान्य करता येत नाही. मी ती खोली पाहिली आहे.

मारुंजीकडचं एक जोडपं यायला लागलं, दोघंही आयटीतले. त्यांचं घर मोडता मोडता वाचलं असं ते सांगायचे. त्यांनी साहेबांना आपल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बोलावलं. तिथे मोबाइलवर कुणीतरी त्यांचं बोलणं घेतलं आणि ते फिरलं. कामगारांपुढे दोन शब्द बोलणारा माणूस इंजिनिअर लोकांपुढे तासभर बोलायला लागला. त्यांचं बोलणं साधं होतं, त्यात ग्रंथ नव्हते, संस्कृत नव्हतं. कंपनीतले दाखले असायचे. त्या लोकांना तेच भावलं असणार. लाइनवरची माणसं त्यांना भाऊ म्हणत होती. नवी माणसं तात म्हणायला लागली. मग सगळेच तात म्हणायला लागले. दादा तेवढा साहेबच म्हणायचा.

चाकणच्या पुढे, डोंगराच्या उताराला एका भक्ताने जमीन दिली. तिथे वस्ती झाली. दादाने स्टोअरची नोकरी सोडली आणि तो तिकडे राहायला गेला तो दिवस मला आठवतो. आईने त्याची बॅग भरली. पप्पा पेपर वाचत होते, किंवा पेपर धरून बसले होते.

"पप्पा, येतो."

"आपल्या लोकांनी देव सोडले," पप्पा पेपरातच बघत म्हणाले, "अन् तू आता माणसाचा देव करायलास."

"मी कुणाचा देव करत नाही. त्या माणसाजवळ मला हाताची लाज वाटत नाही, एवढंच."

पप्पांनी पेपरचं पान उलटलं.

वस्ती बघायला मी आणि आई गेलो ती दिवाळीनंतर. मला वाटलं होतं, देऊळ असेल, मठ असेल. बघते तर पत्र्याच्या शेडची रांग, मध्ये डांबरी रस्ता, फाटकाशी सिक्युरिटी केबिन आणि गेटपास. आत भोंगा वाजला. त्याबरोबर एका शेडमधली माणसं शेतात निघाली आणि शेतातली जेवायला. सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचे राखाडी कपडे. आयुष्यभर जे पाहिलं तेच त्या माणसाने डोंगरावर उभं केलं होतं, फक्त माल काय निघतो ते दिसत नव्हतं.

आईने ज्वारीच्या पिठाचे शेंगोळे करून नेले होते. दादाला ताप आला तरी, परीक्षा झाली तरी, काहीही झालं तरी शेंगोळेच लागायचे. फाटकावरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, "बाहेरचं अन्न आत जात नाही, आई. आणि जुन्या नात्यातल्या माणसांना महिन्यातून एकदाच भेटता येतं."

"जुन्या नात्यातल्या म्हणजे?" आईने विचारलं.

मुलगी हसली आणि तिने पास पुढे केला.

दादा भेटला. अंगाने भरला होता, चेहऱ्यावर तकाकी होती. तिथलं स्वयंपाकघर तो सांभाळत होता. उरलेल्या दोन बोटांत झारा धरून तो मोठ्या कढईत भाजी हलवत असलेला मी खिडकीतून पाहिला, आणि मला बरं वाटलं, हेही खरं आहे. आईने त्याच्या गालावरून हात फिरवला तेव्हा मात्र त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग गाल पुढे केला.

डबा तसाच परत निघाला. फाटकाबाहेर एका म्हातारीची चहाची टपरी होती, जवळच्या गावातली. आई तिच्या बाकड्यावर टेकली. म्हातारीने डब्याकडे पाहिलं. "पोरगा हाय व्हय आत?" आईने मान हलवली. "कितीक आया डबं घिऊन येत्यात माय," म्हातारी म्हणाली, "आन् हितंच बसून खात्यात. न्हाई तर मला देत्यात." आईने डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. चाकण गेलं, मोशी गेलं.

त्यानंतर पप्पा एकदाच साहेबांना भेटले. भेटले म्हणजे काय, चिंचवडला एका मोठ्या हॉलमध्ये तातांचा कार्यक्रम होता आणि दादा येणार म्हणून पप्पा म्हणाले, "चल, लांबून बघून येऊ." आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. स्टेजवर फुलं, मागे मोठा पडदा. साहेब पांढऱ्या कपड्यांत आले तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. पप्पा बसून राहिले. दादा पहिल्या रांगेत होता.

आपली कहाणी ते प्रत्येक कार्यक्रमात सांगतात हे मी ऐकून होते. मोशीच्या खोलीत ते म्हणायचे, "माझ्यामुळे एका पोराची बोटं गेली." क्लबहाउसच्या त्या व्हिडिओत ते म्हणाले होते, "एका अपघाताने माझे डोळे उघडले." त्या दिवशी स्टेजवरून ते म्हणाले, "एक कामगार माझ्याकडे आला. हात तुटलेला, मन त्याहून तुटलेलं. त्याच्या पूर्वीच्या कर्माचं ओझं मला दिसलं. मी ते माझ्यावर घेतलं आणि तो मोकळा झाला." त्यांनी पहिल्या रांगेकडे बोट केलं. दादा उभा राहिला आणि त्याने उजवा हात वर केला. पडद्यावर तो हात एवढा मोठा दिसला, की बाजूच्या बाईने डोळे मिटून नमस्कार केला.

पप्पा उठले. मी त्यांचा शर्ट धरला, पण त्यांनी आयुष्यभर कारखान्याच्या दारात युनियनच्या गेट मीटिंगा घेतल्या होत्या, माइकची गरज नव्हती. "खोटं बोलायलात तुम्ही! सेन्सर बंद ठिवला होता! माझ्या घरात बसून कबूल केलंय तुम्ही! कर्म कुणाचं? कर्म तुमचं!"

साहेबांनी शांतपणे पप्पांकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, ते खाली उतरतील. क्षणभर तो जुना माणूस त्यांच्या चेहऱ्यावर आलाही होता, निदान मला तरी तसं दिसलं. मग ते माइकमध्ये हळू म्हणाले, "काका, बोला. राग आहे, येऊ द्या बाहेर. आम्ही ऐकतोय." आणि सगळा हॉल पप्पांकडे तोंड करून ऐकायला बसला. पप्पांचा सगळा आरोप त्या एका वाक्याने म्हाताऱ्या माणसाचा त्रागा होऊन गेला. पप्पा तोंड उघडून उभे राहिले.

दादा मागे आला. त्याने पप्पांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर आणलं. बाहेर पार्किंगमध्ये पप्पा म्हणाले, "तू हात वर केलास. तुला माहीत असून तू हात वर केलास." दादा खाली बघत होता. "तुम्ही घरी जा, पप्पा," तो म्हणाला आणि आत गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं, ते पुढे काही वर्षं बंदच राहिलं. आई महिन्याच्या महिन्याला डोंगरावर जायची. मी कधी जायचे, कधी शाळेचं कारण सांगायचे. मी मोशीच्या एका शाळेत शिकवते.

त्या काळात डोंगरावरच्या वस्तीबद्दल नाही नाही ते ऐकू यायचं. नवराबायकोंना वेगवेगळ्या शेडमध्ये ठेवतात. कुणी सोडून जायचं म्हटलं, तर त्याने पूर्वी विश्वासाने सांगितलेलं तात सभेत सगळ्यांपुढे सांगतात. वर्तमानपत्रात एकदोनदा आलं. लोकांनी मोर्चा काढला, भक्तांनी उलटा मोर्चा काढला. मी दादाला विचारलं की तो म्हणायचा, "साहेबांना काहीतरी दिसत असेल म्हणून करतात." तो त्यांना दोष लागू द्यायचा नाही, पण पूर्वीसारखं उत्साहाने बोलतही नव्हता.

मग तिथे एक मुलगी आली. मारुंजीला भाड्याने राहून एका कंपनीत नोकरी करणारी, नाशिककडची. तिला लहानपणापासून डायबेटीस होता, रोज इन्सुलिन घ्यावं लागायचं. वस्तीवर साधनेचा आठवडा होता. सभेत साहेब म्हणाले की औषध ही भीती आहे, आणि भीती ज्याच्या त्याने इथे ठेवून जावी. कुणी रक्तदाबाच्या गोळ्या आणून ठेवल्या, कुणी चष्मे. त्या मुलीने इन्सुलिनची पेनं आणून त्यांच्या पायाशी ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे सगळं मला दादाने नंतर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ती जेवणाच्या रांगेत दिसली नाही. दादा बघायला गेला तर ती पाणी पीत होती आणि उलट्या करत होती. आमची आई इन्सुलिनवरच आहे. ते चुकवून चालत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत. दादा साहेबांकडे गेला. त्यांनी सांगितलं, शरीर विष बाहेर टाकतंय, टाकू दे. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी ती जोरजोरात श्वास घ्यायला लागली, हाक मारली तर ओ देईना. दादा पुन्हा गेला. साहेब माणसांत बसले होते.

"साहेब, ती मरेल."

"तुझ्या मनातली भीती तू तिच्यात बघतोयस."

"साहेब, त्या दिवशी तुम्ही मशीन थांबवायला पाहिजे होतं. आज थांबवा."

तिथे बसलेल्या कुणाला हे कळलं नाही. साहेबांना कळलं. दादा म्हणतो, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा, स्वयंपाकघर बघ."

दादा स्वयंपाकघरात गेला आणि भाजीच्या टेम्पोची चावी घेतली. तिथे काम करणाऱ्या एका बाईला बरोबर घेतलं, दोघांनी मिळून मुलीला उचलून मागे पोत्यांवर ठेवलं. फाटकावर पास मागितला. दादा म्हणाला, "भाजी आणायला चाललोय," आणि थांबला नाही. टपरीवरच्या म्हातारीने टेम्पोच्या मागे राखाडी ओढणी लोंबताना पाहिली होती. तिने ते पुढे पोलिसांना सांगितलं.

शाळा सुटायच्या सुमाराला मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "बाळे, मी बोलतोय. मोशीच्या हॉस्पिटलात आहे. तू ये." मी गेले तेव्हा दादा जमिनीवर, भिंतीला टेकून बसला होता. अंगावरच्या राखाडी कपड्यांवर ओकारी वाळली होती. ती मुलगी आयसीयूत होती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, आत्ताही काही सांगता येत नाही. दादाने मला विचारलं, "आईचं इंजेक्शन झालं का आज?" मी हो म्हटलं. मग त्याने तोंड झाकून घेतलं.

मुलगी वाचली. तिचे आईवडील आले, पोलीस आले, चॅनलवाले आले. दादाने जबाब दिला. साहेबांना अटक झाली तेव्हा भक्त रस्त्यावर झोपले. आमच्या घरावर दगड आला. फोनवर बायका, चांगल्या शिकलेल्या बायका, दादाला कृतघ्न म्हणायच्या, त्याचा हात कुजेल म्हणायच्या. जामीन झाल्यावर साहेबांनी पहिल्याच सभेत दादाचा विषय काढला. तो व्हिडिओ कुणीतरी मुद्दाम पप्पांच्या मोबाइलवर पाठवला. त्यात साहेब म्हणत होते, "हा तोच मुलगा, जो अपघातानंतर इंद्रायणीच्या पुलावरून उडी मारायला निघाला होता. त्याने स्वतः माझ्यापुढे सांगितलंय. अशा अस्थिर मनावर किती विश्वास ठेवायचा, तुम्ही ठरवा."

आम्हाला हे माहीत नव्हतं. आईला नाही, मला नाही, पप्पांना नाही.

पप्पांनी व्हिडिओ संपेपर्यंत पाहिला. दादा आतल्या खोलीत लसूण सोलत होता. घरी आल्यापासून हाताला काम असल्याशिवाय तो बसू शकत नसे. पप्पा त्याच्यासमोर जाऊन खाली बसले, गुडघे दुखत असताना. इतक्या वर्षांनी त्यांनी त्याच्याशी तोंड उघडलं ते हे विचारायला. "मला का न्हाई सांगितलंस?"

दादा लसूण सोलत राहिला. "तुम्ही सगळ्यांना सांगत होता, माझं पोरगं वाघ आहे."

पप्पांनी त्याच्या हातातला लसूण घेतला. नंतर दोघं मिळून सोलत बसले. मी आईला दारातून मागे ओढलं.

ती मुलगी पुढच्या वर्षी आमच्याकडे येऊन गेली. एकटीच आली होती, मारुंजीची जागा सोडून आता नाशिकलाच असते म्हणाली. दादाशी काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं, दादालाही सुचत नव्हतं. आईने जेवायला वाढलं. दोघींनी जेवणाआधी आपापलं इंजेक्शन काढलं आणि एकमेकींकडे बघून दोघी हसल्या. "तू पोटात घेतेस का मांडीत?" आईने विचारलं. तिथून जे बोलणं सुरू झालं ते जेवण होईपर्यंत थांबलं नाही. जाताना ती दादाला म्हणाली, "मला अजून कधीकधी त्यांची आठवण येते. राग यायला पाहिजे ना?" दादा म्हणाला, "मलापण येते."

मागच्या हिवाळ्यात खेडच्या कोर्टात दादाची साक्ष झाली. मी आणि पप्पा बरोबर गेलो. साहेब आरोपीच्या जागी बसले होते, वाळलेले, केस पूर्ण पिकलेले. त्यांच्या वकिलांनी दादाला विचारलं, "या गृहस्थांनी तुमचं कधी काही वाईट केलं?"

दादा विचार करून म्हणाला, "त्यांच्यामुळे माझी बोटं गेली. त्यांच्यामुळेच मी जगलो. आणि त्यांनी त्या मुलीचं औषध बंद केलं. मी बघितलं ते सांगतोय."

वकील म्हणाले, हो की नाही तेवढं सांगा. दादा म्हणाला, तसं सांगता येणार नाही. साहेब मान खाली घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

खटला चालूच आहे. डोंगरावर माणसं कमी झाली, पण आहेत. दादा तळवड्याला एका वर्कशॉपच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करतो. लोक त्याला कधी हिरो म्हणतात, कधी फितूर, दोन्ही ऐकून तो आपलं काम करतो.

त्या दिवशी साक्ष संपवून आम्ही कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो. खाली साहेबांची गाडी उभी होती आणि एक पोरसवदा शिष्य त्यांचा डबा घेऊन उभा होता. त्याने दादाला पाहून तोंड फिरवलं. दादा पुढे गेला. मला वाटलं, आता काही वाद होतो. दादा त्याला हळू आवाजात म्हणाला, "संध्याकाळी दही देऊ नका त्यांना. पोटाला सोसत नाही. ते सांगणार नाहीत, मागून घेतील, पण देऊ नका."

पप्पांनी ऐकलं होतं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि ते निगडीची बस कुठे लागते ते विचारायला पुढे गेले.